नुसते हसायचे तर आहे!

'अहो मास्तर, नुसते हसायचे तर आहे! त्यात कसल्या चुका काढता?'

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्यांदा ऐकले आहे की, एखाद्या दिवशी ते फळ्यावर लिहून मुलांकडून त्याचे व्याकरण चालवून घ्यावे असे मनात येते. वरवर पाहता वाक्य निरुपद्रवी आहे. पण त्यातली सारी लबाडी 'नुसते' आणि 'तर' या दोन चिमुकल्या शब्दांत दडलेली आहे. रडायचे असले म्हणजे 'नुसते रडायचे तर आहे' असे कोणी म्हणत नाही. ऐतिहासिक नाटकातल्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसले तर सारे नाट्यगृह हळहळते. विनोदी खेळात तसले काही दिसले तर 'चालायचेच' म्हणून पुढे जाते. विनोद म्हणजे जणू घरातले शेंडेफळ. त्याने शाई सांडली तरी त्याला कोणी रागे भरायचे नाही! या लाडाविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी ऐन दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना मांडतो आहे, याबद्दल गृहिणींची आधीच क्षमा मागून ठेवतो.

'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही हिंदी मालिका ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. तारक मेहता यांनी 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून चालविलेल्या सदरावरून ती निघाली. जुलै २००८ मध्ये ती सुरू झाली आणि २०२० सालीच तिने तीन हजार भागांचा टप्पा ओलांडला. मुंबईतल्या गोकुळधाम नावाच्या सोसायटीत नाना प्रांतांची कुटुंबे राहतात, भांडतात आणि सगळे सण एकत्र करतात, एवढीच तिची कथा. त्यातल्या आत्माराम तुकाराम भिडे या सेक्रेटरीवर माझा विशेष जीव आहे. तो शिकवण्या घेणारा मास्तर आहे. त्याची बायको लोणची-पापड करून संसाराला हातभार लावते. आपल्या जुन्या स्कूटरला तो 'सखाराम' म्हणतो आणि काटकसरीचे त्याला व्यसनच आहे. आमच्याच पंथाचा माणूस! तेव्हा मी हे लिहितो आहे ते नाक मुरडून, लांबून पाहून लिहितो आहे असे कोणी समजू नये. रात्री साडेआठला आमच्याकडे पाने मांडली जात आणि समोर गोकुळधाम उघडत असे. पुष्कळदा मी ठसका लागेपर्यंत हसलो आहे.

आता, मालिकांतल्या चुका शोधणारी मंडळी कोणत्या चुका शोधतात ते पाहा. एका बाजूने दाखविले तेव्हा चहाचा पेला भरलेला, दुसऱ्या बाजूने रिकामा, तिसऱ्या बाजूने पुन्हा भरलेला. दाराबाहेर पडताना खांद्यावर टॉवेल होता, तो जिन्यात नाहीसा झाला. भिंतीवरचे घड्याळ सव्वाचार दाखविते आणि पात्रे रात्रीचे जेवीत आहेत. माझ्या वर्गातली पोरे या कामात मोठी पटाईत. स्वतःच्या निबंधातले ऱ्हस्वदीर्घ त्यांना दिसत नाही. पण कोणाच्या कपाळावरची टिकली केव्हा बदलली, ते अचूक दिसते!

या चुका कशा होतात हे समजून घेतले तर राग येत नाही. मालिकेचे चित्रण कथेच्या क्रमाने होत नाही. दिवाणखान्यातले जेवढे प्रवेश असतील तेवढे एकदम उरकतात, मग अंगणातले घेतात. कारण दर वेळी दिवे आणि कॅमेरे हलविण्यात वेळ जातो, पैसा जातो. त्यामुळे 'येतो हं' म्हणून दारातून निघालेला माणूस अंगणात पोहोचतो तो कधी कधी चार दिवसांनी, आणि मधल्या काळात त्याने दाढी केलेली असते. हे सारे जुळवून ठेवायला एक साहाय्यक नेमलेला असतो. सदऱ्याचे कोणते बटण उघडे होते, पेल्यात चहा किती होता, हे तो वहीत टिपतो. हल्ली फोटो काढून ठेवतो. त्या धंद्यात याला 'कंटिन्युइटी' सांभाळणे म्हणतात. आठवड्यातले पाच-सहा दिवस नवा भाग द्यायचा, त्या धांदलीत या बिचाऱ्याचा डोळा चुकला तर मी त्याचा अर्धा गुणही कापणार नाही. दिवाळीच्या आठवड्यात आपल्या घरी चकलीच्या वेळी सोऱ्यात शेवेची चकती राहून जात नाही काय?

यापुढची पायरी काळाची. २००८ साली बालवयात असलेला टप्पू मोठा झाला, ते काम करणारा मुलगा २०१७ साली मालिका सोडून गेला, दुसरा आला, पुढे तिसरा आला. बापाने तिघांनाही तत्काळ ओळखले! त्याच वर्षी दयाचे काम करणारी नटी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मालिकेतली दया माहेरी अहमदाबादला गेली ती वर्षानुवर्षे तिथेच. एवढे लांबलेले माहेरपण आमच्या नगर जिल्ह्यात एकाही सासूने सोसले नसते. पण हीही मी चूक मानीत नाही. जुन्या संगीत नाटकांत पुरुष शकुंतला होत असे आणि प्रेक्षक तिच्यासाठी डोळे पुशीत. सोंग हे सोंग आहे हे कबूल करूनच आपण तिकीट काढतो. अमेरिकेत 'मॅश' नावाची फौजी इस्पितळावरची विनोदी मालिका फार गाजली. कोरियाचे युद्ध चालले १९५० ते १९५३, तीन वर्षे; त्यावरची ती मालिका चालली १९७२ ते १९८३, अकरा वर्षे! लोकांनी तेही चालवून घेतले. कारण तिच्या लेखकांनी कोरियात काम केलेल्या डॉक्टरांना गाठून, त्यांच्या तोंडून हकिगती ऐकून घेऊन ती लिहिली होती. तिथे कॅलेंडर चुकले, जखम चुकली नाही.

मग माझे भांडण कशाशी आहे? एप्रिल २०२२ मधल्या गोकुळधामच्या एका भागाशी आहे.

त्या वर्षी ६ फेब्रुवारीला लताबाई गेल्या. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी गोकुळधामात 'ऐ मेरे वतन के लोगों' या गाण्याचा विषय निघाला आणि त्याचे साल १९६५ असे सांगितले गेले.

भिंगार हे छावणीला खेटलेले गाव. फौजेत राहून आलेला माणूस नाही अशी गल्ली इथे शोधावी लागते. आमच्या गल्लीतही एक निवृत्त आजोबा आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या दुकानात ते मला भेटले आणि एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणाऱ्या त्या माणसाने मला बाजूला घेतले. म्हणाले, 'मास्तर, काल ते पासष्ट म्हणाले. मी पासष्टला लढाईवर गेलो, तेव्हा गाडीत आम्ही पोरं हेच गाणं म्हणत होतो. मग ते पासष्टचं कसं?' त्यांनी घरातही तसे सांगून पाहिले होते. नातू जेवता जेवता म्हणाला, 'आजोबा, कॉमेडी आहे हो ती. नुसतं हसायचं तर आहे!' सून गालातल्या गालात हसली. आजोबांनी पुढे वाद घातला नाही. पण रात्रभर त्यांच्या मनात ते घोळत राहिले असावे. नाही तर दुधाची पिशवी हातात धरून, ती गळते आहे याचेही भान न ठेवता, ते माझ्याशी तेवढा वेळ बोलत उभे राहिले नसते.

दोन वर्षांचा तर फरक! एवढ्याने काय आभाळ कोसळले? पण ही दोन वर्षे मोजायची रीत निराळी आहे. ते गाणे १९६२ साली चीनशी लढताना पडलेल्यांचे आहे. २० ऑक्टोबरला आक्रमण सुरू झाले आणि २१ नोव्हेंबरला चीननेच एकतर्फी शस्त्रे थांबविली. त्या एका महिन्यात या देशाने जे सोसले ते विसरायला एक पिढी पुरली नाही. लडाखात रेझांग-ला येथे १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंचे जवान हाडे गोठविणाऱ्या थंडीत शेवटच्या गोळीपर्यंत लढले. १९६५ ची लढाई पाकिस्तानशी. ती पंजाबच्या शेतांतून झाली. खेमकरणच्या बाजूला अब्दुल हमीदने पॅटन रणगाडे फोडले आणि तिथेच देह ठेवला. आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन उभा आहे; शाळेच्या सहली त्याच्यापुढे थांबतात. पासष्टातही घरे उजाडलीच. परंतु पासष्टला देशाने मान वर करून पाहिले, आणि बासष्टला ती खाली गेली होती. त्या खाली गेलेल्या मानेतून ते गाणे निघाले आहे. ते उचलून पासष्टात नेऊन ठेवले की शब्द तेच राहतात, चाल तीच राहते, पण ते कोणाचे दुःख होते हे मात्र हरवते.

आणि खरी मौज तर पुढेच आहे. कवी प्रदीप यांचे शब्द आणि सी. रामचंद्र यांची चाल घेऊन लताबाईंनी हे गाणे पहिल्यांदा म्हटले ते २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन होते, पंतप्रधान नेहरू होते. गाणे ऐकून नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले, ही हकिगत लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. ती शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. आता नेहरू वारले २७ मे १९६४ ला. गाणे १९६५ साली आले असेल, तर मग त्या दिवशी रडले कोण? पेल्यातला चहा नाहीसा झाला तर एक चहा वाया जातो. साल चुकले की एक तर गेलेल्या माणसाला उठवून खुर्चीवर बसवावे लागते, नाही तर त्याचे डोळे पुसून कोरडे करावे लागतात.

याचा भिंगारच्या माणसाला एवढा राग का यावा, असे परगावचे वाचक विचारतील. एक तर आमच्या गावाला सनावळीचे थोडे वेडच आहे. औरंगजेब १७०७ साली मेला तो इथल्याच छावणीत. ते साल आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असते. दुसरे असे की, ज्यांना जग सी. रामचंद्र म्हणते ते रामचंद्र नरहर चितळकर आमच्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. १९१८ सालचा त्यांचा जन्म. आणि नेहरू तर आमचे जुने शेजारी! भिंगारहून शहरात निघाले की वाटेत जो भुईकोट किल्ला लागतो, त्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ ते बंदिवान होते. १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी तिथेच लिहिले. त्या पुस्तकावर श्याम बेनेगल यांनी १९८८ साली दूरदर्शनसाठी 'भारत एक खोज' ही त्रेपन्न भागांची मालिका काढली, ती इतिहासाचे जाणकार जवळ बसवून काढली. खोका तोच, आणि देशही तोच! तेव्हा ज्याची चाल, तो आमच्या जिल्ह्याचा, आणि ज्याचे अश्रू, तो आमच्या किल्ल्यात राहून गेलेला. त्यांच्या गाण्याचे साल चुकले तर आम्ही गप्प बसावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

निर्मात्यांनी माफी मागितली हे मी लपवीत नाही. भाग लागला आणि लगोलग त्यांनी जाहीर निवेदन काढले. एवढी तत्परता कित्येक पाठ्यपुस्तके दाखवीत नाहीत. पण त्या निवेदनात त्यांनी तारीख दिली २६ जानेवारी १९६३. गाणे म्हटले गेले २७ ला! म्हणजे चूक सुधारतानासुद्धा कोणी उठून कपाटातले पुस्तक काढले नाही. प्रजासत्ताक दिन जवळच होता. हाताशी आली ती तारीख चिकटवून दिली असावी. वर्गात एखादा पोरगा शुद्धलेखन सुधारताना नवी चूक करतो, तेव्हा मी त्याला तो शब्द दहा वेळा लिहायला लावतो. निर्मात्यांना असे कोण सांगणार?

बरे, ही पहिलीच वेळ होती असेही नाही. मार्च २०२० मध्ये याच सोसायटीतल्या चंपकलालच्या तोंडी मुंबईची भाषा हिंदी आहे, असे वाक्य आले होते. गदारोळ झाला, तेव्हाही माफी मागावी लागली. त्याचे राजकारण व्हायचे तेवढे झाले; मला त्यात शिरायचे नाही. माझी हरकत कथेच्या बाजूने आहे. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे आणि त्या सोसायटीचा सेक्रेटरी भिडे आहे! लोणच्याच्या बरणीवरून तासभर वाद घालणारा भिडे त्या वाक्यानंतर सोसायटीची सभा बोलावल्याशिवाय राहील काय? पात्र एकदा घडविले की त्याचे म्हणून काही कायदे होतात. निर्मात्यांना आपला भिडे कळला असता, तर ते वाक्य लिहून झाल्यावर भिडेनेच त्यांचा हात धरला असता. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून सांगतो, पात्रे हात धरतात.

'रोजच्या रोज भाग काढायचा म्हणजे काय चेष्टा आहे?' हा पुढचा बचाव. मान्य. पण रोजच्या भागाला कपड्यांना माणूस असतो, केसांना माणूस असतो, तोंडाला रंग लावायला माणूस असतो. सालाला माणूस का नसावा? त्याला पगार तरी किती लागेल? निवृत्तीला आलेला कुठलाही मास्तर चहा-पोह्यांवर हे काम आनंदाने करील. वर दिग्दर्शकाचे शुद्धलेखनही सुधारून देईल.

आणि विनोदाला अचूकपणा मानवत नाही, हे तर साफ खोटे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि पाच वर्षांनी चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कृष्णधवल चित्र, आजच्या मानाने साधने काहीच नाहीत. तरी ज्यांनी ते पाहिले त्यांच्या चेहऱ्यावर नुसत्या आठवणीने हसू येते. चिं. वि. स्वतः शिक्षकी पेशातले. त्यांचा चिमणराव फजीत होतो तो एका विशिष्ट पगाराचा, विशिष्ट पेठेतला, विशिष्ट भिडस्तपणाचा कारकून म्हणून फजीत होतो. त्याचा कोट, त्याची टोपी, त्याचा हिशेब, यांतले काहीही ढिले सोडा, हसू तिथेच विझेल. पुढे २००१ साली प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. त्यातले आबा रोजनिशी लिहितात! रोजनिशीइतके अवघड लेखन नाही. कालचे पान आजच्या पानाला साक्षीला असते. घसरून पडलेला माणूस हसवितो, पण तो खऱ्या जमिनीवर घसरावा लागतो.

एवढे झाल्यावर निर्मात्यांवर सारे ढकलून मी मोकळा झालो असतो. पण त्या दिवशी दूधवाल्याकडून मी तसाच शाळेत गेलो आणि वर्गात विचारले, 'काल गोकुळधाम कोणी कोणी पाहिले?' निम्म्याहून अधिक हात वर. 'त्यात एक चूक होती. कोणती?' पोरे उत्साहाने सरसावली. एक म्हणाला, पडद्याचा रंग. दुसरा म्हणाला, कोणाच्या तरी पायांतल्या चपला. तिसऱ्याने भिंतीवरचे घड्याळ ठोकून दिले. साल कोणीच सांगितले नाही. मीच शेवटी सांगितले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, परीक्षेला आहे का ते?' छावणीच्या गावातली ही पोरे. कोणाचा आजा, कोणाचा चुलता फौजेत असलेली! त्यांना डोळे नाहीत असे नव्हे. पेल्यातला चहा पाहायला आपण त्यांना शिकविले आणि गाण्यातले बर्फ पाहायला शिकविले नाही. ते शिकवायला पगार मी घेतो, गोकुळधामचा निर्माता घेत नाही. तेव्हा यातला निम्मा दंड माझ्यावर.

'मास्तर, तुम्ही कधी चुकला नाहीत काय?' असे कोणी विचारण्याआधी माझेच उट्टे मी काढून ठेवतो. माझ्या एका कादंबरीत भाऊबीजेच्या रात्री नायिका ओवाळणीचे तबक घेऊन अंगणात येते, आणि त्या अंगणात मी टिपूर चांदणे पाडले आहे. लिहिताना डोळे भरून आले होते. पुस्तक निघाले, दोन-चार बरे अभिप्राय आले, आणि मग पाथर्डीकडच्या एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. वर मायना नाही, खाली सही नाही; मजकूर एवढाच : 'बीजेच्या चंद्राचे टिपूर चांदणे तुमच्या भिंगारात पडत असल्यास कळवावे, पाहायला येतो.'

मी खजील झालो. 'कादंबरीच तर आहे' असे त्याला उलट लिहावे, असे क्षणभर वाटलेही. पण पोस्टकार्डावर पत्ता नव्हता. तेव्हा त्याच दिवशी माझ्या प्रतीत ते चांदणे खोडले आणि अंगणात एक आकाशकंदील टांगला. प्रकाशकाला कळविले, की दुसऱ्या आवृत्तीत एवढी दुरुस्ती करावी.

दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. कंदील माझ्या कपाटात आहे, आणि बाकी सगळ्यांच्या घरी बीजेच्या रात्री टिपूर चांदणे पडलेले आहे.